पॅकेज एका यंत्राचे, रांग साऱ्या क्लस्टरची

बॅच जॉबची रांग लावणारे सॉफ्टवेअर ज्यांच्या रोजच्या वापरात असते, त्यांनाही ते बहुधा तीन-चार आज्ञांपुरतेच ठाऊक असते. एसबॅच म्हणायचे आणि स्क्रिप्ट सोपवायची, एसक्यू म्हणायचे आणि आपला नंबर कुठवर आला ते पाहायचे, चूक लक्षात आली तर एसकॅन्सल. या आज्ञा यंत्रावर कुठून आल्या, त्यांच्यामागचे डिमन कोणी चालू केले, ते कोणाच्या नावाने चालतात, हे प्रश्न त्या माणसाला पडत नाहीत आणि पडूही नयेत. त्याला त्याच्या रेणूंचे, पावसाचे किंवा जनुकांचे गणित करायचे आहे. हे पुस्तक त्या प्रश्नांची उत्तरे ज्यांना द्यावी लागतात त्यांच्यासाठी आहे: असे सॉफ्टवेअर लिनक्सच्या डिस्ट्रोसाठी पॅकेजमध्ये बांधणारे मेंटेनर, आणि ते पॅकेज आपल्या क्लस्टरवर बसवणारे सिस्टम ॲडमिन.

यंत्र मोकळे असेल तेव्हा काम चालव, ही कल्पना युनिक्सला जुनी आहे. ॲट या छोट्या पॅकेजमधली बॅच नावाची आज्ञा डेबियनवर आजही तेच करते: यंत्रावरचा भार १.५ च्या खाली आला की पुढचे काम सुरू. एका यंत्रापुरते तेवढे पुरते. अनेक यंत्रे आणि त्यांहून जास्त माणसे एकत्र आली की पुरत नाही. १९८० च्या दशकात नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी नेटवर्क क्यूइंग सिस्टम तयार झाली आणि तिची जागा घेण्यासाठी १९९१ पासून पोर्टेबल बॅच सिस्टम, म्हणजे पीबीएस, लिहिली जाऊ लागली. जर्मनीत वाढलेले कोडाइन २००० मध्ये सन कंपनीकडे आले आणि पुढच्याच वर्षी ग्रिड इंजिन या नावाने त्याचा स्रोत खुला झाला. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत या शतकाच्या सुरुवातीला स्लर्मचे काम सुरू झाले, आणि त्याच्या प्रमुख लेखकांनी २०१० मध्ये स्केडएमडी ही कंपनी काढली.

या साऱ्यांतून मी स्लर्म हेच मुख्य उदाहरण घेतले, याचे कारण फक्त त्याची लोकप्रियता नाही. पॅकेज बांधणाऱ्याचा पहिला प्रश्न तांत्रिक नसतोच. आज हाती असलेला स्रोत उद्याही हाती राहील का, हा तो प्रश्न. ग्रिड इंजिनचा स्रोत सन कंपनी ओरॅकलकडे गेल्यावर खुला राहिला नाही आणि समाजाला त्याच्या वेगळ्या शाखा काढाव्या लागल्या. पीबीएसच्या खुल्या आवृत्तीतून निघालेले टॉर्क कित्येक विद्यापीठांचा आधार होते. २०१८ मध्ये त्याच्या कंपनीने नव्या आवृत्त्यांचा स्रोत देणे थांबवले. पीबीएसचा प्रवास उलटा झाला: अल्टेअरने २०१६ मध्ये त्याचा स्रोत खुला केला आणि २०२० मध्ये ओपनपीबीएस हे जुने नाव पुन्हा लावले. या घडामोडींत पॅकेजचे मेंटेनर कुठेच निर्णय घेणारे नव्हते, पण प्रत्येक निर्णयाचा भार त्यांच्याच अंगावर आला. जुन्या आवृत्तीतल्या सुरक्षेच्या त्रुटी स्वतः दुरुस्त करत राहायचे, की पॅकेज डिस्ट्रोतून काढून टाकायचे? स्लर्मचा स्रोत जीपीएलखाली आजवर खुला राहिला आहे, म्हणून त्याच्याबद्दल पुस्तक लिहिता येते.

अनुभवी ॲडमिन मंडळींचे एक ठाम मत मला ठाऊक आहे: स्लर्म डिस्ट्रोतून घेऊ नये, स्रोत उतरवून स्वतः कंपाइल करावा. मोठ्या केंद्रांसाठी हे मत बरोबर आहे. त्यांच्याकडे त्या कामाला माणसे असतात, त्यांचे नेटवर्क वेगळे असते, त्यांच्या एमपीआयच्या गरजा वेगळ्या असतात. पण ज्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात पाच-सहा यंत्रे आहेत आणि ती सांभाळणारे प्राध्यापक आठवड्याला अठरा तास शिकवतातही, त्यांना तो सल्ला देऊन काय उपयोग? त्यांच्यासाठी 'ॲप्ट इन्स्टॉल' हा एकच रस्ता खुला आहे. तो नीट नसेल तर ती यंत्रे रांगेविना चालतात. ज्याने आधी लॉगिन केले त्याची होतात, आणि बाकीचे ताटकळतात. डिस्ट्रोतले पॅकेज चांगले असावे, याचा आग्रह मी धरतो तो या विभागांसाठी.

आता मूळ अडचणीकडे येतो, कारण सगळे पुस्तक तिच्याभोवतीच फिरते. पॅकेज ही एका यंत्राची गोष्ट आहे. डीपीकेजी किंवा आरपीएमला शेजारचे यंत्र दिसत नाही. फाइली जागेवर ठेवणे, वापरकर्ता तयार करणे, सेवा सुरू करणे, हे सारे ते ज्या यंत्रावर चालते आहे तिथेच घडते. रांगेचे सॉफ्टवेअर मात्र साऱ्या क्लस्टरची एकच गोष्ट असते. नियंत्रक एका यंत्रावर, हिशेबाचा डिमन दुसऱ्यावर, काम करणारे डिमन पन्नास नोडांवर. आणि हे सगळे एकमेकांना ओळखत असतील, एकमेकांवर विश्वास ठेवत असतील, तरच ते चालते. प्रत्येक यंत्रावर पॅकेज निर्दोष बसले आणि क्लस्टर तरीही बंद, अशी स्थिती इथे सहज येते.

याचे सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे मंज. स्लर्मचे डिमन एकमेकांची ओळख पटवायला बहुतेक ठिकाणी हे छोटे सॉफ्टवेअर वापरतात. तेही लिव्हरमोरमध्येच लिहिले गेले. त्याची सगळी भिस्त एका गुप्त किल्लीच्या फाइलवर असते आणि ती फाइल क्लस्टरमधल्या प्रत्येक यंत्रावर अक्षरशः सारखी असावी लागते. डेबियनमध्ये मंज बसवले की पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट यादृच्छिक बाइट्स घेऊन नवी किल्ली आपोआप बनवते आणि सेवा सुरू होते. एका यंत्राच्या नजरेने पाहिले तर याहून चांगली वागणूक नाही: सेवा चालू आहे, किल्ली सुरक्षित आहे, परवानग्या अचूक आहेत. दहा नोडांवर तेच पॅकेज बसवले की दहा वेगळ्या किल्ल्या तयार होतात आणि एकाही नोडचे दुसऱ्याशी पटत नाही. लॉगमध्ये दिसते ते एवढेच, की ओळखपत्र अवैध आहे. रेड हॅट घराण्यातले मंज किल्ली बनवतच नाही. ॲडमिनने ती स्वतः बनवावी लागते आणि तोवर सेवा सुरू होत नाही.

दोन्हींपैकी बरोबर कोण? डेबियनची परंपरा अशी की बसवलेली सेवा लगेच चालू स्थितीत मिळावी. तिला धरून पाहिले तर पहिले. पण माझे मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. जी गोष्ट साऱ्या क्लस्टरने मिळून ठरवायची आहे, ती एका यंत्राच्या पॅकेजने एकट्याने ठरवू नये. सेवा थांबली तर ॲडमिन लगेच कारण शोधतो. सेवा चालू असून ओळख पटत नसेल तर तो आधी नेटवर्क, मग फायरवॉल, मग घड्याळे तपासत बसतो. घड्याळे तपासणे तसे चूक नाही, कारण मंजचे ओळखपत्र मुळात ३०० सेकंदच टिकते आणि घड्याळांत त्याहून जास्त फरक पडला तरी तीच बोंब. म्हणून मंजच्या प्रकरणात मी सुरुवातीलाच ती एक तपासणी दिली आहे: एका नोडवर ओळखपत्र बनवायचे, एसएसएचमधून दुसऱ्याकडे पाठवायचे आणि तिथे अनमंज करून पाहायचे. हे चालल्याशिवाय स्लर्मला हातही लावू नये.

याच अडचणीवर डेबियनने दुसऱ्या जागी काढलेला तोडगा मला फार आवडतो. स्लर्मचा नियंत्रक ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, त्याचा क्रमांक सगळ्या नोडांवर एकच असावा लागतो. पॅकेजने नेहमीच्या रीतीने मोकळा असेल तो क्रमांक घेतला, तर एका नोडवर ११२ आणि दुसऱ्यावर ११७ मिळू शकतो, कारण कोणत्या यंत्रावर आधी काय बसवले होते यावर ते ठरते. डेबियनने ६०००० ते ६४९९९ हा पट्टा अशाच पॅकेजांसाठी राखून ठेवला आहे. त्यातले क्रमांक साऱ्या जगासाठी कायमचे ठरलेले, पण खाते मात्र पॅकेज बसेल तेव्हाच उघडायचे. स्लर्मच्या वाट्याला ६४०३० आला. दुसऱ्या यंत्राशी एक शब्दही न बोलता पॅकेजने क्लस्टरभर एकमत घडवले. पॅकेजच्या आत राहून, त्याच्याच नियमांनी, इतके करता येते हे पाहून मला या कामाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला होता.

कॉन्फिगरेशन फाइलच्या बाबतीत डेबियनने न बोलण्याचा मार्ग पत्करला, आणि तोही योग्यच. पॅकेजबरोबर स्लर्मची तयार कॉन्फिगरेशन फाइल येत नाही. नोडांची नावे, गाभे, स्मृती, विभाजने यांतले काहीच मेंटेनरला माहीत नसते, मग खोटी फाइल द्यायची कशाला? त्याऐवजी दस्तऐवजांच्या डिरेक्टरीत एक एचटीएमएल पान येते; ब्राउझरमध्ये उघडून रकाने भरले की फाइलचा मजकूर मिळतो. कॉन्फिगरेशन फाइल जागेवर नसेल तर सेवा सुरूच होऊ नये, अशी अट सिस्टमडीच्या युनिटमध्ये घालता येते. म्हणजे पॅकेज बसते, तक्रार करत नाही, आणि ॲडमिन येईपर्यंत वाट पाहते. २०.०२ या आवृत्तीपासून नोड आपली कॉन्फिगरेशन फाइल थेट नियंत्रकाकडून मागून घेऊ शकतो. त्यामुळे पन्नास प्रती सारख्या ठेवण्याची जुनी डोकेदुखी बरीच कमी झाली.

अपग्रेडचे प्रकरण या पुस्तकातले सगळ्यात लांब आहे. बसवताना झालेली चूक ॲडमिनला भोवते. अपग्रेडमधली चूक रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला. स्लर्मचा क्रम ठरलेला आहे: आधी हिशेबाचा डिमन, मग नियंत्रक, मग नोड, शेवटी वापरकर्त्यांच्या आज्ञा. ॲप्टला हा क्रम वेगवेगळ्या यंत्रांवर पाळता येत नाही, कारण ती यंत्रेच त्याला दिसत नाहीत. त्यात हिशेबाचा डिमन नव्या आवृत्तीत पहिल्यांदा सुरू होताना डेटाबेसमधल्या तक्त्यांची रचना बदलतो. वर्षानुवर्षांच्या नोंदी असतील तर याला बराच वेळ लागतो आणि तो मध्येच तोडला तर डेटाबेस अर्धवट राहू शकतो. म्हणून हा डिमन पहिल्यांदा हाताने, नजरेसमोर चालवावा असे स्लर्मचे लेखकच सांगतात. पॅकेजची सवय मात्र अपग्रेड झाला की सेवा लगेच पुन्हा सुरू करण्याची. बॅकअप घेतला का, हे विचारायला तिथे कोणी नसते.

आवृत्त्यांचे अंतर ही तर कॅलेंडरचीच लढाई आहे. स्लर्मची नवी आवृत्ती वर्षाला एक-दोनदा येते आणि तिच्या क्रमांकात वर्ष व महिना असतो. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी. स्लर्म मागच्या दोन मोठ्या आवृत्त्यांशी बोलू शकते, २४.११ पासून ही मर्यादा तीनवर गेली. डेबियन ११ मध्ये स्लर्म २०.११ होते आणि डेबियन १२ मध्ये २२.०५, मध्ये फक्त २१.०८ येऊन गेली होती, म्हणून उडी मर्यादेत बसली. डेबियन १३ मध्ये २४.११ आहे. ती २३.०२ पर्यंतच मागे पाहू शकते आणि २२.०५ तिच्या एक पायरी पलीकडे राहते. ज्याने डेबियन १२ वरून सरळ १३ वर उडी घेतली, त्याच्या नियंत्रकाला रांगेची जुनी स्थिती वाचता येणार नाही. मध्ये २३.०२ किंवा २३.११ वर थांबावे लागते आणि त्या दोन्ही कोणत्याच स्थिर डेबियनमध्ये आलेल्या नाहीत. इथे कोणाचीच चूक नाही. डेबियन आपल्या वेगाने चालते, स्लर्म आपल्या. पण पॅकेजने हे अपग्रेडच्या आधी, ठळक शब्दांत, थांबून सांगितले पाहिजे, आणि शक्य असेल तर मधली पायरी बॅकपोर्टमधून पुरवली पाहिजे. हे मी मेंटेनरचे कर्तव्यच मानतो.

अशीच दुसरी गाठ डेबियन ११ मध्ये पडली होती. त्या आवृत्तीत सिस्टमडीने सीग्रुपची दुसरी, एकसंध रचना मूळ म्हणून स्वीकारली. जॉबला दिलेल्या गाभ्यांच्या आणि स्मृतीच्या मर्यादा पाळायला स्लर्म सीग्रुपच वापरते. पण या नव्या रचनेचा आधार त्यात आला तो २२.०५ मध्ये. डेबियन ११ मधल्या २०.११ ला ती कळतच नव्हती. दोन पॅकेजे, दोन्ही नियमाप्रमाणे बांधलेली, एकाच डिस्ट्रोत, आणि एकत्र चालवायची तर बूट होताना कर्नलला जुन्या रचनेचा आग्रह करावा लागे.

अपग्रेडच्या वेळी चालू असलेल्या जॉबचे काय, या प्रश्नासाठी मी वाचकाला सिस्टमडीच्या युनिट फाइलमधली एकच ओळ जवळून पाहायला सांगणार आहे. किलमोड बरोबर प्रोसेस. नोडवरचा डिमन जॉब स्वतः चालवत नाही. जॉबच्या प्रत्येक टप्प्यासाठी तो स्लर्मस्टेपडी नावाची वेगळी प्रक्रिया उभी करतो आणि तो टप्पा तिच्या देखरेखीखाली चालतो. सिस्टमडीची मूळ वागणूक अशी की सेवा थांबवली की तिच्या गटातल्या सगळ्या प्रक्रिया मारायच्या. ही ओळ नसेल तर सुरक्षेची बारीकशी दुरुस्ती आली, सेवा पुन्हा सुरू झाली, आणि अकरा दिवस चाललेले गणित बाराव्या दिवशी मेले. ओळ असेल तर मुख्य डिमन तेवढा जातो आणि परत येतो. स्लर्मस्टेपडी आपल्या जागी राहतात आणि नवा डिमन त्यांना पुन्हा ओळखतो. त्या गणिताच्या मालकिणीला यातले काही कळत नाही. प्रत्येक मेंटेनरने नवी आवृत्ती अपलोड करण्याआधी लांब झोपणारा एक जॉब लावावा, नोडवरचे पॅकेज अपग्रेड करावे, आणि जॉबचा प्रक्रिया क्रमांक तोच आहे का ते पाहावे. एवढी एक तपासणी दर वेळी व्हावी असे मला वाटते.

स्वातंत्र्याच्या सीमारेषेबद्दलही थोडे सांगायला हवे. एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डे सगळ्या तपशिलांसह आपोआप ओळखायची तर स्लर्मला एनव्हिडियाची बंदिस्त लायब्ररी लागते. डेबियनचा मुख्य विभाग अशा लायब्ररीवर अवलंबून राहू देत नाही. म्हणून तेवढा प्लगइन वेगळ्या पॅकेजातून काँट्रिब विभागात दिला जातो. काहींना हा काथ्याकूट वाटतो. मला वाटत नाही. मुख्य विभागातून घेतलेले सारे काही तपासता येते आणि बदलता येते, या भरवशावरच महाविद्यालयांतले ते छोटे विभाग उभे आहेत.

नावांचा गोंधळ लवकर आटोपतो. डेबियनमध्ये स्लर्म हे नाव नेटवर्कचा वेग दाखवणाऱ्या एका छोट्या आज्ञेने आधीच घेतले होते, म्हणून आपले पॅकेज आधी स्लर्म-एलएलएनएल आणि नंतर स्लर्म-डब्ल्यूएलएम झाले. डेबियन ११ मध्ये कॉन्फिगरेशनची डिरेक्टरीही बदलली, हे जुने लेख वाचून काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. २३.११ पासून स्केडएमडी स्वतःच डेबियन पॅकेज बांधण्याच्या फाइली देते आणि त्यांतून बनणाऱ्या पॅकेजांची नावे स्लर्म-एसएमडीने सुरू होतात. ती आणि डेबियनची पॅकेजे एकत्र नांदत नाहीत. रेड हॅट घराण्यासाठीच्या एपेल रिपॉझिटरीत मात्र नाव तेच राहिले आणि तिथे घात झाला. स्वतः बांधलेले स्लर्म चालवणाऱ्या ठिकाणी नेहमीच्या अपडेटमध्ये एपेलचे पॅकेज शिरले आणि कोणी न सांगता आवृत्ती बदलली. एपेलमधून स्लर्मची सगळी पॅकेजे वगळा, असे आता अधिकृत मार्गदर्शिकेतच लिहिलेले असते. एकाच नावाची दोन पॅकेजे दोन ठिकाणांहून येऊ शकतात, हे बांधणाऱ्याने पहिल्या दिवसापासून धरून चालावे.

मराठीत हे पुस्तक का, असे मला विचारले गेले. पुण्यात १९८८ मध्ये सीडॅक स्थापन झाले, १९९१ मध्ये तिथेच परम ८००० तयार झाला, आणि आज आयसर पुण्यातल्या परम ब्रह्मवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची गाठ स्लर्मशीच पडते. इथे मोठी यंत्रे चालवणारी माणसे कमी नाहीत. त्यांचे ज्ञान मात्र त्यांच्या केंद्राबाहेर फारसे जात नाही, आणि डेबियनसारख्या प्रकल्पात पॅकेज सांभाळायला हात नेहमीच कमी पडतात. या वाचकांतल्या दोघा-तिघांनी जरी एखाद्या त्रुटीच्या नोंदीला उत्तर दिले, एखादी दुरुस्ती पाठवली, तर त्याचा उपयोग साऱ्या जगातल्या छोट्या क्लस्टरांना होईल.

पुढच्या प्रकरणांसाठी मोठे यंत्र लागत नाही. एका लॅपटॉपवर डेबियन १२ ची तीन आभासी यंत्रे उभी करा: एक नियंत्रक, दोन नोड. नावे एकमेकांना कळतील अशी व्यवस्था करा, घड्याळे जुळवून घ्या, आणि आभासी यंत्रांच्या या स्थितीची एक प्रत जपून ठेवा. अपग्रेडच्या प्रकरणात आपण तिच्यावर परत येऊ. पहिल्या प्रकरणात तिन्हींवर मंज बसवायचे आहे. किल्ल्या जुळवण्याआधी अनमंज एकदा चालवून पाहा आणि येणारा संदेश नीट वाचून ठेवा.